एकदाच विचारलेली संध्याकाळ

मोहरगाव नगरपरिषदेने रोजची संध्याकाळ आणायचं काम वेबवरच्या स्वयंचलित सेवेकडे सोपवलं, त्या दिवशी शलाकाला खटकलेली पहिली गोष्ट अगदी क्षुल्लक होती. कचेरी सुटायची वेळ होऊन गेली तरी माठावर पडलेली उन्हाची तिरीप जागची हलली नव्हती.

एरवी ती हलायची. माठावरून घसरत पेल्याच्या साखळीवर यायची, तिथून फरशीवर उतरायची, आणि फरशीवर उतरली की आवक-जावकच्या कुसुमताई डबा पिशवीत कोंबून म्हणायच्या, "चला गं, सुटलो." त्या दिवशी कुसुमताई पिशवी खांद्याला अडकवून माठाकडे बघत उभ्या राहिल्या. मग पिशवी उतरवून परत खुर्चीत बसल्या.

"आज ऊन ठाण मांडून बसलंय बाई," त्या म्हणाल्या.

शलाका दचकली. शलाका तशी कशालाही दचकायची. शिक्का आपटला की दचकायची, पंखा सुरू झाला की दचकायची, समोरच्या माणसाला शिंक येणार असं दिसलं तर शिंकेच्या आधीच दचकून मोकळी व्हायची. तालुक्याच्या कॉलेजातून संगणकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मुलगी, कंत्राटावर संगणक साहाय्यक म्हणून लागलेली. आपल्या हातून काहीतरी बिघडणार आणि बिघडल्यावर सगळे आपल्याकडेच बघणार, ही तिची कायमची धास्ती. त्या दिवशी मात्र तिने कशाला हातही लावला नव्हता. सेवा सुरू करून द्यायला कंपनीची माणसं आली होती. चहा विचारल्यावर ती माणसं पहिल्याच झटक्यात "हो, चालेल" म्हणाली होती, आणि कचेरीत ते कोणालाच आवडलं नव्हतं.

त्याआधी मोहरगावची संध्याकाळ शिवराम लोखंडे आणत. त्यांच्या आधी त्यांचे वडील आणत. रोज उन्हं कलायच्या सुमारास शिवराम कचेरीतून छत्री घेऊन निघत, पश्चिमेच्या जकात नाक्यापर्यंत चालत जात, आणि येताना संध्याकाळ घेऊन येत. ते तिथे जाऊन काय करतात हे कोणी विचारलं नव्हतं. नळाला पाणी येतं तेव्हा पाणी सोडणाऱ्याला कुठे कोणी विचारतं? शिवराम निवृत्त होऊन लेकीकडे सुरतेला गेले, त्यांचं पद व्यपगत झालं, आणि सर्वसाधारण सभेत ठराव झाला की रस्त्यावरची दिवाबत्ती, पाण्याचे पंप आणि संध्याकाळ ही कामं यापुढे यंत्रणेमार्फत चालवावीत. पंप ठरल्या वेळी सुरू झाले. दिवेही लागले. लख्ख उन्हात सगळ्या खांबांवरचे दिवे लागलेले बघून लोकांना जरा संकोचल्यासारखं झालं.

आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या एसटीने शलाकाची आई यायची होती.

घरात या दोघीच. वडील शलाका लहान असतानाच गेलेले. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून आई सिन्नरला गेली ती तिकडेच अडकली, आणि शलाकाने इतके दिवस एकटीने कुकरच्या शिट्टीला दचकत काढले होते. आई नेहमी संध्याकाळच्याच गाडीने यायची. लहानपणी शलाका शेजारच्या घरी बसून वाट बघायची. गाडी आली की धूळ उठायची, धुळीतून आधी पिशवी दिसायची आणि मग आई. दुपारच्या गाडीने आई कधी आलीच नव्हती. दुपारच्या गाडीतून उतरणारी आई कशी दिसेल, हेसुद्धा शलाकाला डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं.

ती स्टँडवर गेली. चौकशीच्या खिडकीत वाहतूक नियंत्रक गडदे शेंगा सोलत बसले होते.

"काका, सिन्नरची संध्याकाळची गाडी?"

"वेळेवर आहे."

"पण आली नाही."

"वेळ कुठे आलीये? वेळ आली की गाडी येईल. आमच्याकडून एक मिनिट उशीर नाही, पोरी."

"मग माझी आई कुठे आहे?"

"गाडीत."

"आणि गाडी?"

"संध्याकाळी," गडदे म्हणाले आणि त्यांनी एक शेंग तिच्यापुढे केली.

तिने तिथेच उभं राहून आईला फोन लावला. रिंग वाजत राहिली. कोणी उचलला नाही. गडदेंनी मान हलवली. "संध्याकाळच्या माणसाला दुपारी फोन लावून कसा लागेल?" त्यांचं म्हणणं तसं बिनतोड होतं. शलाकाने तरी पुन्हा लावला.

पुढे किती दिवस गेले ते सांगता येत नाही, कारण दिवस जातच नव्हता. घड्याळं चालत होती, पण चालून चालून पुन्हा त्याच दुपारवर येत होती. माणसं जेवून आडवी होत, उठून बघत तर दुपारच. मग पुन्हा आडवी होत. भेळेची गाडी लागेना, कारण भेळ ही संध्याकाळची वस्तू. शिकवणीचे मास्तर मुलांना सोडेनात. "दिवेलागण झाली की जा" असं त्यांचं कायमचं वाक्य होतं आणि शब्दाचे ते पक्के होते. चरायला गेलेली गुरं वेशीबाहेर उभीच होती, कुठे जायचं ते आठवत नसल्यासारखी. रात्रही आली नाही. रात्रीचं काम संध्याकाळचं काम पूर्ण झाल्यावरच सुरू होतं, असं सेवेच्या नियमांत स्पष्ट दिलेलं होतं. सुरतेला शिवरामांना कुसुमताईंनी मोबाइलवर कळवलं. त्यांच्याकडून एका गुलाबाचं चित्र आलं. त्यावर 'शुभ सायंकाळ' असं लिहिलेलं होतं.

"हा माणूस आपल्याला चिडवतोय," कुसुमताई म्हणाल्या.

"नाही हो, त्यांच्याकडे झाली असेल," शलाका म्हणाली, आणि तिला सुरतेचा फार हेवा वाटला.

शेवटी कार्यालय अधीक्षक निगुडकर साहेबांनी तिला बोलावलं. निगुडकर कधी आवाज चढवत नसत. त्यांच्या या शांतपणाला शलाका सगळ्यात जास्त घाबरायची.

"दहिवदकर, ती सेवा आता तुम्हीच बघायची."

"मी, साहेब?"

"तुमच्या प्रमाणपत्रावर संगणक लिहिलंय. तिथे एपीआय म्हणून काहीतरी आहे, त्यातून काम करून घेता येतं म्हणतात. काय असतं ते?"

शलाकाने पदराशी चाळा करावा तसा ओळखपत्राच्या दोरीशी चाळा केला. "म्हणजे साहेब, आपण इथून एक विनंती पाठवायची. ठरलेल्या नमुन्यात. ती त्यांच्याकडे पोचते, ते काम करतात, आणि झालं की नाही ते उलट कळवतात. आतलं आपल्याला काही दिसत नाही."

"म्हणजे अर्ज."

"हो साहेब."

"मग अर्ज म्हणा की. घाबरवता कशाला?"

सेवेच्या संकेतस्थळावर 'सुरुवात अशी करा' नावाचं पान होतं. ते फार उत्साहात लिहिलेलं होतं. 'अवघ्या काही मिनिटांत आपलं पहिलं काम चालवा!' असं त्यात म्हटलं होतं. शलाकाने ते पुन्हा पुन्हा वाचलं. आधी चावी मिळवायची होती. चावी म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ. ती प्रत्येक विनंतीसोबत जोडायची आणि कोणाला दाखवायची नाही. निगुडकर साहेबांना हे पटेना.

"कचेरीची चावी आहे ना? मग ती खिळ्यालाच लागली पाहिजे. उद्या तुम्ही रजेवर गेलात तर?"

"पण साहेब, ती दिसत नाही."

"दिसत नसली तरी जागा ठरलेली असावी."

म्हणून चाव्यांच्या फळीवर स्मशानभूमी आणि व्यायामशाळा यांच्या मधे एक खिळा मोकळा केला, त्याखाली 'संध्याकाळ' अशी पट्टी चिकटवली, आणि शलाकाने सगळ्यांसमक्ष खिळ्याला काहीतरी अडकवल्यासारखं केलं. निगुडकर साहेबांचं समाधान झालं.

मग तिने पहिली विनंती पाठवली. पानावर नमुन्याची विनंती दिली होती, तीच जशीच्या तशी. बोट कळेवर ठेवून तिने डोळे मिटले. कुसुमताईंनी मागून "अगं, दाब एकदाची" म्हटलं आणि दचकल्यामुळेच ती दाबली गेली.

संध्याकाळ लगेच आली.

खिडकीबाहेर उजेड नारिंगी झाला. खारा वारा सुटला. कुठूनतरी लाटांचा आवाज यायला लागला आणि नगरपरिषदेच्या भिंतीवर नारळाच्या झावळ्यांच्या सावल्या हलू लागल्या. एक बाई लांबून "बंड्याऽ, घरी येऽ" अशी हाक मारत होती. हाक संपली की पुन्हा तेवढ्याच लांबून, तेवढ्याच सुरात तीच हाक. लोक दारात आले. मोहरगावापासून समुद्र गाडीने पोचायला दिवस लागेल इतका लांब होता. पारावरची म्हातारी मंडळी ओठांवरून जीभ फिरवून खारटपणा चाखत राहिली.

"हा बंड्या कोणाचा?" एकाने विचारलं.

"आपल्यातला नाही. पण जा म्हणावं बाबा घरी, आई केव्हाची ओरडतीये."

शलाका यातलं काही ऐकायला थांबली नव्हती. ती स्टँडकडे धावत सुटली होती. गाडी आली होती. लालभडक, नवीकोरी, धुळीचा कण नसलेली. दार उघडलं. आत सगळी बाकं रिकामी होती आणि कंडक्टर तिच्याकडे बघून हसत होता, नमुन्यासाठी हसावं तसा. कोणी उतरलं नाही. दार मिटलं, गाडी गेली, आणि शलाका परत वळेपर्यंत लाटांचा आवाज थांबून पुन्हा दुपार झाली होती.

"ती आमच्या मार्गावरची नव्हती," गडदे खिडकीतून म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा मऊ झाला होता. "शेंगा खातेस का?"

"नको," शलाका म्हणाली.

"घे गं, थोड्या घे. बघ, ताज्या आहेत."

तिने घेतल्या.

सेवेकडून आलेल्या उत्तरात चूक स्वच्छ दिलेली होती. 'स्थळ व तपशील रिकामे असल्यास नमुना संध्याकाळ पुरवली जाईल.' म्हणजे आपली संध्याकाळ हवी तर ती कशी होती ते आपणच सांगायला हवं. रंग कोणता, वास कशाचा, आवाज कोणते, कोण कुठून येतं. शलाकाने कचेरीच्या पायऱ्यांवर टेबल मांडलं आणि ज्याला जे आठवतं ते त्याने येऊन सांगावं असं कळवलं.

गाव लोटलं. कोणालाही कामधंदा नव्हता, दुपारच होती. पण अडचण अशी झाली की जो तो आपल्या लहानपणची संध्याकाळ सांगायला लागला. तेलाच्या गिरणीचा पट्टा थांबताना करायचा तो लांब उसासा. टुरिंग टॉकीजच्या भोंग्यातून खेळाआधी वाजणारी सनई. बाजारपेठेत शेवटची शटरं ओढली जायची तेव्हा वीज कडाडावी तसा होणारा आवाज, आणि त्यानंतरची शांतता. ढेपेचा वास. अंगणात शिंपलेल्या पाण्याचा वास. "कंदिलाच्या काचेत राखुंडीचा बोळा फिरायचा ना, त्याची कुईकुई लिही," एक आजोबा म्हणाले. "कंदील काही मला आवडायचा नाही. पण कुईकुई लिही."

"लबाड आहात आबा," त्यांच्या मागची बाई म्हणाली. "काच तुमची बहीण पुसायची. तुम्ही बाहेर हुंदडायचात."

"हुंदडताना ऐकू यायची ना मला!"

शलाकाने आत जाऊन विचारलं, "साहेब, गिरणी केव्हाच बंद पडली. टॉकीजच्या जागी मंगल कार्यालय झालं. हे मागता येईल का?"

निगुडकरांनी समोरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "सेवेला माहिती आहे का, गिरणी बंद पडलीये ते?"

"नसावं, साहेब."

"मग मागा." ते पुढे म्हणाले, "आणि आमच्या गल्लीत एक हार्मोनियम वाजायची. चुकत चुकत. तीही घाला."

कुसुमताईंनी आपलं कानात सांगितलं आणि ते कोणाला सांगू नको म्हणाल्या. शेवटी, सगळे पांगल्यावर, शलाकाने स्वतःचं घातलं. आई गाडीतून उतरून घरी आली की लगेच दिवा लावायची नाही. उंबऱ्यात बसायची, चपला काढून पाय पसरायची, आणि शलाका दिव्याच्या बटणाकडे गेली की म्हणायची, "राहू दे गं. जरा वेळ असंच बसू." शलाकाला अंधाराची भीती वाटायची. पण आई असली की तो अंधार नसायचा. नुसता उजेड कमी झालेला असायचा. हे कोणत्या रकान्यात घालायचं ते तिला कळेना. तिने ते 'आवाज' मध्ये घातलं.

विनंती गेली. उत्तर आलं: 'नाकारली. कारण: नागरिकांचा नकार नोंदवलेला आहे.'

शलाकाने कारण पुन्हा वाचलं. तिने मदतीची खिडकी उघडली. पलीकडे कंपनीचा चिन्मय नावाचा मुलगा होता. तो टाइप करून बोलायचा आणि प्रत्येक वाक्याआधी नमस्कार घालायचा.

'नमस्कार. सेवा सुरू करण्यापूर्वी आमच्या यंत्रणेने मोहरगावच्या प्रत्येक घरी फोन करून विचारलं होतं: आपल्याला संध्याकाळ हवी आहे का? सर्वांनी नाही म्हटलं. आम्ही ग्राहकाच्या निर्णयाचा आदर करतो.'

'सर्वांनी?'

'नमस्कार. एकमताने. आमच्या सेवेच्या इतिहासात असा स्पष्ट कौल दुसऱ्या कुठल्याही गावाने दिलेला नाही. आपण ध्वनिमुद्रण ऐकू शकता.'

शलाकाने कानात इअरफोन घातले, पहिला आवाज आला तेव्हा रीतसर दचकली, आणि ऐकू लागली.

"संध्याकाळ? नको नको, उगाच कशाला त्रास."

"नको हो, आत्ताच झाली काल."

"आमचं राहू द्या, आधी पाहुण्यांचं बघा."

"छे छे, कशाला! एवढी दगदग करून?"

गडदेंचा आवाज होता. मास्तरांचा होता. "नको, आभारी आहे," असं निगुडकर साहेब शांतपणे म्हणत होते आणि म्हटल्यावर फोन न ठेवता पलीकडून पुन्हा विचारतील म्हणून थांबलेले ऐकू येत होते. सगळेच थांबले होते. प्रत्येक नकारानंतर एक श्वास होता, जरा वाट बघणारा. आणि मग यंत्राचा आवाज, "धन्यवाद, आपला दिवस सुखाचा जावो," आणि खट्ट.

त्यात आईही होती. मागे मावशीच्या घरातली भांडी वाजत होती. "अगं बाई, नको हो," आई म्हणत होती. "आमचं काय, आम्ही दोघीच तर. दुसऱ्या कोणाला लागत असेल त्यांना द्या." मग तो थांबलेला श्वास. मग खट्ट.

शलाकाने ते पुन्हा ऐकलं. आईचा आवाज ऐकून तिला किती काळ झाला होता, ते दुपारमुळे मोजता येत नव्हतं.

'तुम्ही एकदाच विचारलंत?' तिने चिन्मयला लिहिलं.

'नमस्कार. अर्थात. नाही म्हणणाऱ्याला पुन्हा विचारणं म्हणजे त्रास देणं.'

'आमच्याकडे एकदा विचारणं म्हणजे न विचारणं.'

पलीकडून उत्तर आलं. 'नमस्कार. आग्रह करण्याची सोय आमच्या यंत्रणेत नाही. मात्र गावाच्या वतीने आपण फेरविनंती करू शकता. ती थेट संध्याकाळकडे जाईल. निर्णय तिचा.'

शलाकाने कार्यालयीन मराठीत फेरविनंती केली. 'मोहरगाव येथे पूर्ववत येण्याची कृपा व्हावी.' उत्तर यायला वेळ लागला नाही.

'संध्याकाळ म्हणते, नको. उगाच कशाला.'

शलाकाने झटकन संगणकाचं झाकण मिटलं, हात भाजल्यासारखं. ती तशीच होती. एकदा कोणी नाही म्हटलं की ती निमूट मागे फिरायची, वर माफी मागून. कॉलेजात मैत्रिणी सिनेमाला निघाल्या आणि एकीने "तुला नाही ना यायचं?" म्हटलं, तर ती "नाही नाही" म्हणून वसतिगृहावर परतली होती. मग दिवसभर खिडकीत उभी होती.

"काय म्हणाली?" दारातून निगुडकरांनी विचारलं. त्यांच्या मागे कुसुमताई, कुसुमताईंच्या मागे निम्मं गाव.

"नको म्हणाली."

सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. "मग येतेय," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "लगेच हो म्हटलं असतं तर मी घाबरलो असतो."

दुसरा आग्रह मोठ्या माणसांनी करायचा असतो, म्हणून तो निगुडकर साहेबांनी स्वतः सांगितला आणि शलाकाने टाइप केला. तो लांबलचक होता. त्यात गावाचा इतिहास होता, तिची बैठक अजून तशीच मांडून ठेवल्याचं होतं, आणि पहिल्या वेळी योग्य माणसाने न विचारल्याबद्दल दिलगिरी होती. शिवरामांचं नावही घालावं असं कुसुमताईंचं मत पडलं, तेही घातलं.

'संध्याकाळ म्हणते, नको हो, खरंच. तिकडे सगळे बरे आहेत ना? मग झालं.'

"विचारपूस केली," निगुडकर हलक्या आवाजात म्हणाले. "आता तिसरा. दहिवदकर, हा तुम्ही."

"मी काय लिहू, साहेब?"

"तिसरा आग्रह घरच्यांनी करायचा. त्याला मसुदा नसतो." आणि त्यांनी सगळ्यांना बाहेर काढून दार ओढून घेतलं.

शलाका एकटी बसली. चावीची माळ एव्हाना तिला तोंडपाठ झाली होती. ती जोडली. खाली मजकुराची जागा रिकामी होती. तिला तिच्याच घरातली पंगत आठवली, दोनच पानांची. ती नको म्हणायची, ताटावर आडवा हात धरायची, आणि आई त्या हाताच्या बाजूने, वाट काढून, अर्धी पोळी सरकवायचीच. "अर्धीच गं. माझ्यासाठी." तेव्हा तिला राग यायचा. आता तिला कळत होतं की आपण हात नेहमी जरा वाकडा धरायचो, बाजूने जागा ठेवून.

तिने लिहिलं: 'असं काय करतेस? ये ना. तू आली नाहीस तर माझी आई उतरायची कशी? थोडीशीच ये हवं तर. माझ्यासाठी.'

तिने कळ दाबली. या वेळी मागून कोणी ओरडलं नव्हतं.

पडद्यावर काही वेळ नुसती रेघ लुकलुकत राहिली. मग उमटलं:

'बरं. निघते.'

शलाका उठली आणि मागच्या व्हरांड्यात गेली. बाहेर ऊन जसंच्या तसं होतं. जकात नाक्याच्या दिशेचा रस्ता पांढरा दिसत होता. काही बदललं आहे की नाही ते तिला सांगता येईना. निघते म्हणाली म्हणजे लगेच निघाली असं थोडंच असतं. निरोपाचं, दारातलं, फाटकातलं बोलणं व्हायचं असतं. शलाकाने फोन काढला आणि आईला लावला. रिंग वाजली. तिने फोन कानाशी दाबून धरला. रिंग वाजत राहिली, आणि प्रत्येक रिंगेला ती मनात, आईला चालेल अशा आवाजात, घे ना, घे ना, म्हणत राहिली.

मग रिंग मधेच तुटली. पलीकडे खडखडाट होता, खिडक्यांच्या काचांचा, आणि कोणीतरी तिकिटाचं विचारत होतं.

"हां, बोल गं," आई म्हणाली. "ऐकू येतंय का? केव्हाचं तोंडावर ऊन होतं बाई, आत्ता कुठे गेलं. जेवलीस का तू?"